शंभर बाटल्यांचं गिऱ्हाईक

बाटलीला कागदाची पट्टी नव्हती – एवढीशी, अंगठ्याच्या पेराएवढी लाल बाटली, तोंडाला बूच, आत काहीतरी उगाचच चमचमणारं, आणि अंगावर डोसाची एकही खूण नाही. आता ही सकाळी किती घ्यायची आणि संध्याकाळी किती, हे घेणाऱ्याला कळायचं कसं... रोज खटकायचं तसं आजही बाळासोंना ते खटकलं. पलूसच्या दवाखान्यात अडतीस वर्षं त्यांनी कागदाला कात्रीनं खाचा पाडून अशा पट्ट्या बाटल्यांना चिकटवल्या होत्या. एक खाच म्हणजे एक डोस. आता बोटाला खळ लागत नव्हती. बोट नुसतं माऊसवर होतं, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या कढईत तीन चांदणफुलं, दलदलीतलं एक मूळ आणि झऱ्याचं पाणी आपलं आपण उकळत होतं.

खेळ मूळचा राजनंदिनीचा. मुलगी पुण्याला नोकरीला. डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला, आणि बाप घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या मुदती तपासत बसतो, घरातल्या संपल्या की शेजाऱ्यांच्या तपासून येतो, असं आईनं कळवल्यावर तिनं आपला जुना कॉम्प्युटर आणून जोडून दिला. "आप्पा, तुम्ही लढायचं नाही. तुम्ही फक्त औषधं करायची आणि तिथल्या बाजारात विकायची." म्हणजे लोक कुठून कुठून येऊन राक्षसांशी लढतात, रक्तबंबाळ होतात, आणि ही लाल बाटली प्यायली की कपडे झटकून उभे राहतात. बदल्यात खेळातलं सोनं मिळतं. ते सोनं राजनंदिनी तिच्या हापिसातल्या, खेळायची हौस असलेल्या पण कमवायला सवड नसलेल्या मंडळींना विकते, आणि महिन्याअखेर बाळासोंच्या खात्यात खरेखुरे चार हजार रुपये येतात. खासगी दवाखान्यातल्या कंपौंडरला पेन्शन नसते. नुसती सवय असते. त्या सवयीला चार हजार म्हणजे भाव वाईट नव्हता.

शिवाय नाव झालं होतं. खेळात औषध करणाऱ्याला आपल्या बाटलीवर एक ओळ लिहायची मुभा होती. इतरांनी आग, वीज, मृत्यू असलं काहीबाही लिहिलं होतं. बाळासोंनी लिहिलं – 'हलवून घ्यावे. उपाशीपोटी घेऊ नये.' पोरं म्हणे हसून लोळली. आणि पुढं पुढं राक्षसाच्या गुहेत शिरण्याआधी खरंच थांबून भाकरतुकडा खाऊ लागली. कंपौंडरकाकांच्या औषधाला गुण आहे, असं बाजारात झालं. वास्तविक खेळातली कुठलीही लाल बाटली दुसऱ्या लाल बाटलीसारखीच, हे बाळासोंना ठाऊक होतं. माणसं ज्याला हाताचा गुण म्हणतात तो हातात नसतो, हेही अडतीस वर्षांत ठाऊक झालं होतं. फक्त कुणी विचारलं नव्हतं.

"आवं, च्या कवाधरनं ठिवलाय," मनुबाई दारातून म्हणाल्या. "आज किती राक्षस बरं केलं?"

"राक्षस न्हाई गं. राक्षसानं हाणल्याली माणसं."

"मग राक्षसाला कोण औषध देतंय? त्येला बी लागलंच असंल की."

बाळासोंनी कप उचलला आणि तसाच धरून ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, ही बाई चालता चालता असं काही बोलून जाते आणि आत जाऊन लसूण सोलते.

दहा वाजता वीरधवल आला. खेळातलं नाव वीरधवल, खरं कुणी विचारलं नाही. मेढ्याकडचा, चाळिशीचा, फौजेतून सुटून घरी आलेला, एवढं त्यानं एकदा आपणहून लिहिलं होतं. रोज दहाला यायचा, पन्नास बाटल्या घ्यायचा. रोजच्या विक्रीतला निम्मा माल एकट्या त्याचा.

'राम राम काका. आज शंभर द्या.'

'शंभर?'

'व्हय. असूंदेत.'

सौद्याची चौकट उघडली. एका बाजूला शंभर बाटल्या, दुसऱ्या बाजूला सोनं, खाली 'मंजूर' असं हिरवं बटण. बाळासोंचं बोट बटणापर्यंत गेलं, आणि नजर मात्र वीरधवलच्या नावापुढच्या आकड्यावर गेली. अकरा. लढणाऱ्याचा आकडा चढत जातो, पोरं महिन्याभरात चाळीसवर जातात. हा दिवाळीत अकरा होता, आता ऊन तापायला लागलं, तरी अकराच. अंगावर ओरखडा नाही. हा लढतच नव्हता... आणि रोज पन्नास बाटल्या. आज शंभर. असा पेशंट कंपौंडरला आकड्यावरून ओळखावा लागत नाही. त्याला काही झालेलं नसतं, आणि त्याला रोज यायचं असतं.

जन्नतबी अशीच यायची, बाळासोंच्या मनात आलं. कल्हईवाल्याची बायको, नवरा गेलेला, दर बाजारादिवशी दवाखान्यात. डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं होतं, हिला काही नाही, गुलाबी पाणी दे. मी पाण्यात रंग टाकायचो, चार थेंब सरबताचे, पट्टी चिकटवायचो, खाचा पाडायचो. पाण्यालाही डोस असतो, नाहीतर ते पाणी वाटतं. माझ्या खिडकीतून मला फक्त हात दिसायचे. जन्नतबीचा हात राखेनं भेगाळलेला, बाटली घेताना जरा रेंगाळणारा. मी तेव्हा तिशीत होतो, आणि खरं बोलायची मला हौस होती – बाकी हौसा परवडत नव्हत्या. एकदा म्हटलं, "जन्नतबी, कशापायी पैसं घालवताय? ह्ये नुसतं पाणी हाय." हात थांबला. मग बाटली खिडकीवर तशीच ठेवून गेला. मला दिवसभर फार बरं वाटलं...

पुढच्या बाजारादिवशी ती दिसली समोरच्या दवाखान्यातल्या बाकावर. तिथं पाणी देत नसत. तिथं इंजेक्शन देत. वर्षभर बाळासोंनी दवाखान्याच्या दारातून पाहिलं, ती दंड चोळत बाहेर यायची आणि स्टँडकडे जायची. खरं बोलून एका बाईला त्यांनी पाण्यावरून सुईवर नेलं होतं.

'काका? हायसा न्हवं?'

बाळासोंनी लिहिलं, 'तुला काही झालेलं नाही.' पुसलं. सांगितलं तर हा जाईल. मेढ्याच्या डोंगरात बसून आणखी कुठल्या बाकावर जाईल, कोण जाणे, आणि या माणसाला सुया कुठल्या मिळतील... न सांगावं, तर उद्या दीडशे मागेल, आणि आपण देऊ. निम्मा माल. मनुबाईंनी हल्ली चहा न कुरकुरता आणायला सुरुवात केली आहे – म्हणजे कुरकुरूनच, पण प्रेमानं – ते काही फुकट नाही, त्या चार हजारांपायी आहे. त्यांनी लिहिलं, 'एवढ्याचं करतोस काय?' हे फौजदारासारखं झालं. तेही पुसलं.

विचारणं हे डॉक्टरांचं काम. कंपौंडरनं चिठ्ठी वाचायची. अडतीस वर्षांत खिडकीबाहेरच्या एकाही हाताला आपण काही विचारलं नाही, फक्त सांगितलं – जेवणानंतर, तीन वेळा, पुढचा. जन्नतबीलासुद्धा सांगितलंच... बोटं आपोआप चालली, डॉक्टर पेशंटच्या मनगटावर हात ठेवून विचारायचे तेच, त्याच शब्दांत –

'किती दिवसांपासून?'

गेलं. परत घेता येईना.

मग वीरधवलच्या नावाखाली तीन ठिपके नाचू लागले, थांबले, पुन्हा नाचू लागले. शेजारी बाजारात दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली; एकानं वीस मागितल्या, एकानं दहा. बाळासोंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. आत लसूण सोलायचा आवाज थांबला होता.

'काका, वेळ हाय का?'

काय येणार होतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते काहीही असलं तरी त्याच्यावर आपल्याकडे काही तयार नाही, एवढं मात्र ठाऊक होतं. आत डॉक्टर नव्हते, चिठ्ठी नव्हती. 'हाय,' असं लिहून त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखा डावा कान पडद्याकडे केला... काय हा वेडेपणा, असं मनात म्हणूनही कान तसाच ठेवला. ठिपके नाचत होते. हिरवं बटण अजून दाबायचं राहिलं होतं. आपण ते विसरलो, हे त्यांच्या लक्षात आलं; आणि लक्षात येऊनही बोट हललं नाही.