झेंडा उतरताना

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या, जाडजूड दोराला कसली आली भीती, असं तुम्ही म्हणाल. मी सांगतो. माणसांच्या हातांची.

मला वळलं होतं शिडाच्या होडीसाठी. होडी मोडीत निघाली, तेव्हा रस्त्यावर कसरती करणाऱ्या मारेनबाईने मला उचललं. तेव्हापासून डेन्मार्कमधल्या गावोगावच्या उन्हाळी जत्रांत ती माझ्यावरून चालते. रोज सकाळी ती मला बोटांनी चाचपते. एक धागा उसवला तरी तिला कळतं. मला धरणारे हात मात्र ती कसे चाचपणार? तिची रीतच अशी, की मला खांबाला बांधायचं नाही. दोन उंच लाकडी तिकाटण्यांवरून टाकायचं आणि दोन्ही टोकांना प्रेक्षकांतलेच चार-चार गडी ओढून धरायला उभे करायचे. लोक खूश होतात. माझा थरकाप होतो.

त्या संध्याकाळी बंदरावर एका टोकाच्या चौघांत मासेवाला एस्किल होता. "नाच बिनधास्त, मारेन! मी देवमासा ओढलेला माणूस आहे!"

"घरातलं कपाट सरकवत नाही, आणि म्हणे देवमासा!" त्याची बायको बोडिल गर्दीतून म्हणाली.

सगळे हसले. मला हसू येईना. त्याचे तळवे घामाने ओले होते.

खेळ उशिरा सुरू झाला होता. मारेन मधोमध, दोन पुरुष उंचीवर, एका पायावर उभी असतानाच शिंग वाजलं. सूर्य मावळला, बंदरावरच्या खांबावरचा झेंडा उतरू लागला. अशा वेळी झेंड्याला मान म्हणून आमच्याकडच्या पुरुषाच्या डोक्यावर टोपी राहत नाही; लहानपणापासूनची सवय. आठही जणांचा एकेक हात आपसूक वर गेला, आणि उरलेल्या हातांतून मी वीतभर सरकलो.

मारेन लडखडली. तिच्या पायाची बोटं माझ्यात रुतली. खाली दगडी फरशी होती.

"एस्किल! दोन्ही हातांनी धर, मेल्या!"

"अगं, पण झेंडा..."

"झेंड्याचं मी बघते! पलीकडचेही धरा रे, आलेच मी!"

बोडिल धावत सुटली आणि एकेकाच्या डोक्यावरची टोपी उपटत गेली. सोळा हात माझ्यावर परत आले. मी ताठ झालो. झेंडा पुरता उतरेपर्यंत मारेन तशीच उभी राहिली.

मित्रांनो, मान जरूर द्या. पण कुणाचा जीव तुमच्या मुठीत असेल, तर त्या मुठीला दुसरं काम सांगू नका. टोपी काय, शेजारचं माणूसही काढून देतं.

उद्या पुढचं गाव, नवे आठ जण. मी आत्तापासूनच पीळ आवळून पडलो आहे.