होडीच्या खुणेची कॅसेट

सगुणाने आयुष्यात एकही सिनेमा सुरुवातीपासून पाहिला नव्हता. कोपरीच्या बाजारात ती मासळी विकायची, आणि शनिवार-रविवारी टीव्हीवर सिनेमा लागायचा नेमक्या त्याच वेळी गिऱ्हाइकांची गर्दी व्हायची. टोपली रिकामी करून ती कोळीवाड्यातल्या घरी पोचेपर्यंत सिनेमातले दोघं एकदा भांडून परत एकत्रसुद्धा आलेले असायचे. "आधी काय झालं?" ती दारातूनच विचारायची. सांगायचं कोणी नाही. सगळे म्हणायचे, "शूऽऽ!"

१९८७ साली तिचा मुलगा कान्हा मस्कतहून सुट्टीवर आला तो व्हीसीआर घेऊन. परत जाण्याआधी त्याने आईला सगळं शिकवलं. कोणती दोन बटणं एकदम दाबायची, आपण घरी नसताना सिनेमा भरून घ्यायला घड्याळ कसं लावून ठेवायचं, कॅसेट मागे कशी न्यायची. सगुणाला अक्षर येत नव्हतं, पण आकडे पक्के येत होते. पहिल्याच शनिवारी ती घड्याळ लावून बाजारात गेली. रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर पदर खोचून बसली आणि पडद्यावर नावं यायला लागल्यापासून सिनेमा पाहिला. संध्याकाळी बाजारात शेजारी बसणाऱ्या, कोळीवाड्यातल्याच जाईबाईला तिने गोष्ट सांगितली, ती फक्त पहिल्या अर्ध्या तासाची.

"पुढं?" जाईबाईने विचारलं.

"पुढचं तर आपल्याला ठाऊकच असतं गं."

मग तिला नादच लागला. सिनेमे, नाटकं, लोकगीतांचे कार्यक्रम, जे आवडेल ते ती भरून ठेवायला लागली. पूर्वी घरातली जाळी ठेवायची ती मोठी लाकडी पेटी होती, तिच्यात कॅसेटी रचल्या. नावं लिहिता येत नव्हती, म्हणून तिने चित्रांच्या खुणा ठरवल्या. रडवणाऱ्या सिनेमावर पापलेट, मारामारीवर चिंबोरी, हसवणाऱ्यावर बोंबील. ज्यात सासू फार छळते त्यावर शिंगाळा, कारण त्याचा काटा हाताला लागला की दोन दिवस ठणकतो. पाच वर्षांत सत्तरच्या वर कॅसेटी झाल्या, आणि हवी ती कॅसेट ती बघता बघता काढून द्यायची.

तिचा नवरा नाथा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत लेथवर होता. बोलायला कमी. सुट्टीच्या दिवशी रेकॉर्डिंग चालू असलं की जाहिरात आल्यावर मशीन थांबवायचं आणि संपल्यावर चालू करायचं, हे काम त्याने आपणहून घेतलं होतं. त्यात त्याची एकदाही चूक झाली नाही.

एकाच कॅसेटवर मासा नव्हता, होडी होती. त्या कॅसेटला नाथा हात लावत नसे.

ती होती त्याच्या बापाची. १९९० साली टीव्हीची माणसं खाडीवर कार्यक्रम करायला कोळीवाड्यात आली होती, आणि त्यांनी म्हाताऱ्या दामाजीला किनाऱ्यावर बसवून प्रश्न विचारले होते. पडद्यावर तो जेमतेम तीन मिनिटं दिसला. पण बापलेकांचं फार पूर्वीच बिनसलं होतं. नाथाने मासेमारी सोडून कंपनी धरली, पुढे पडून राहिलेली होडी विकून टाकली, तेव्हापासून दामाजी त्याच्याशी कामापुरतंच बोलायचा. कार्यक्रम लागला त्या दिवशी नाथा सेकंड शिफ्टला होता. नंतर घरात कोणी ती कॅसेट लावली की तो चपला घालून बाहेर पडायचा. सहा महिन्यांनी दामाजी गेला. त्यानंतर तर सगुणानेही ती लावली नाही.

"अवो, मामा तुमच्याबद्दल चांगलंच बोललेत त्यात," ती सासऱ्यांचा विषय काढून म्हणायची.

"मला बरं वाटावं म्हणून सांगतेस," नाथा म्हणायचा आणि विषय तिथेच संपायचा.

१९९२ च्या पावसाळ्यानंतर एका रविवारी सगुणाने बोंबलाची एक कॅसेट लावली, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. दुसरी लावली, तेच. तिने कॅसेटची झडप उचलून आत पाहिलं. फितीच्या कडेला पांढरी भुकटी धरली होती. पेटी उपसली. खाडीच्या दमट हवेने निम्म्याहून जास्त कॅसेटी खराब झाल्या होत्या. होडीचीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पिशवी भरून ती टेंभी नाक्यावर भगवानच्या दुकानात गेली. भगवान टीव्ही-व्हीसीआर दुरुस्त करायचा.

"मावशी, ही बुरशी आहे," तो म्हणाला. "या मशीनमध्ये घालूच नका, हेड जाईल. फेकून द्या सगळ्या."

"उन्हात घातल्या तर?"

"अहो, सुकट आहे का ती? फीत वाकडी होईल. साफ करता येते, नाही असं नाही. पण उघडून, फीत हाताने पुसावी लागते. एकेका कॅसेटमध्ये अडीचशे मीटर फीत असते. कोण करत बसणार?"

सगुणा हसली. "आमचं एक जाळं केवढं असतं ठाऊक आहे का तुला? फाटलं की कोण शिवतं?"

भगवानने तिच्याकडे पाहिलं, स्टूल पुढे सरकवलं आणि एक कॅसेट उलटी करून तिचे पाच स्क्रू काढून दाखवले. कोणतं चाक कुठे बसतं, स्प्रिंग कशी उडते, मऊ कापड कसं दुमडून धरायचं, सगळं सांगितलं. निघताना म्हणाला, "आणि एक. हाताला तेल अजिबात नको. माशाचं तर नकोच."

म्हणून सगुणा आधी लिंबाने आणि मग साबणाने हात धुवायची, नाथाच्या जुन्या बनियनचं कापड घ्यायची आणि सकाळी ओट्यावर बसायची. पहिली कॅसेट बिघडली. फितीला पीळ पडला आणि एक पापलेट कायमचं गेलं. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसरी जमली. पडद्यावर चित्र आलं तेव्हा तिने जाईबाईला घरातून ओढत आणून दाखवलं.

पण बोटं दुखायला लागली. चाक बोटाने फिरवायचं, कापड धरायचं, फीत ताणू द्यायची नाही, हे एकट्या माणसाचं काम नव्हतं. नाथा चार दिवस नुसता बघत होता. पाचव्या दिवशी तो कंपनीतून येताना कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. भंगारातल्या पट्टीवर दोन खुंट्या बसवलेल्या, एकीला छोटा दांडा. कॅसेटची दोन्ही चाकं खुंट्यांवर अचूक बसली.

"तू कापड धर," तो म्हणाला. "मी फिरवतो."

त्यानंतर रोज थोडा वेळ दोघं ओट्यावर बसायला लागली. येणारे-जाणारे विचारायचे, "काय रे नाथा, चरखा घेतलास काय?" तो मान हलवायचा आणि दांडा फिरवत राहायचा. सगुणा होडीची कॅसेट मागे मागे ठेवत होती. हात पुरता बसल्याशिवाय तिला ती उघडायची नव्हती. दिवाळी उलटली, पेटीतल्या बहुतेक कॅसेटी स्वच्छ झाल्या, तेव्हा एका सकाळी तिने ती नाथापुढे ठेवली.

नाथाने खूण पाहिली. तो उठेल असं तिला वाटलं. तो उठला नाही. त्याने स्क्रू काढले, चाकं खुंट्यांवर चढवली आणि एरवीपेक्षा निम्म्या वेगाने दांडा फिरवायला लागला. मध्ये एका जागी फीत चिकटली होती. तिथे तो थांबला, आणि सगुणाने ओलसर कापडाने ती सोडवेपर्यंत दांडा घट्ट धरून राहिला. सबंध सकाळ त्यात गेली.

दुपारी कॅसेट मशीनमध्ये घातली. आधी मुंग्या, मग एक पांढरी रेघ वरून खाली सरकत गेली आणि मग किनाऱ्यावर बसलेला दामाजी दिसला. डोक्याला रुमाल, डोळे उन्हाने बारीक. पडद्याबाहेरून कोणीतरी विचारलं, "आता तुमची मुलं काय करतात?"

"माजा पोऱ्या कंपनीन गेला," दामाजी म्हणाला. "मी लय बोललू त्याला. होरी इकली तवा त्याचे संगती जेवलू नाय. पन खरा सांगू? त्यानी बरा केला. खारीन आता मासाच नाय. तो गेला नस्ता तं आमची चूल पेटली नस्ती." मग तो म्हणाला, "त्याला बोलाया नाय जमत मना."

चित्र पुन्हा हललं आणि कार्यक्रम पुढे सरकला. नाथाने स्वतः उठून कॅसेट मागे नेली. परत पाहिली. आणि परत.

"मला सांगितलं का नाहीस?" त्याने विचारलं.

"किती वेळा सांगितलं!"

"हो," नाथा म्हणाला. "सांगितलंस खरं." आणि पंच्याने तोंड पुसत तो हसायला लागला. ते हसू आहे की रडू, हे सगुणाला कळेना, म्हणून ती चहा टाकायला आत गेली.

पेटीतल्या कॅसेटी त्यांनी लोखंडी कपाटात हलवल्या आणि भगवानच्या सांगण्यावरून, पुन्हा दमट होऊ नयेत म्हणून, आत एक छोटा बल्ब लावून ठेवला. भगवानने आणखी एक गोष्ट केली. बुरशी आलेली कॅसेट घेऊन कोणी दुकानात आलं की तो कोळीवाड्याचा पत्ता द्यायला लागला. लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी यायला लागल्या, बारशाच्या, मुंजीच्या. १९९५ साली नाथाची कंपनी बंद पडली. बाकीचे कामगार बरेच दिवस बंद गेटासमोर जमत राहिले. नाथा दोन दिवस गेला आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच खुंट्यांची पट्टी घेऊन ओट्यावर चटई पसरून बसला.

त्या पावसाळ्यात डोंबिवलीहून कलावती नावाच्या एक बाई आल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडे एकच कॅसेट होती, सोसायटीच्या गणपतीत केलेल्या नाटकाची. त्यात त्यांच्या मिस्टरांनी काम केलं होतं.

"ते आता नाहीत," त्या म्हणाल्या. "होईल का हो ही?"

"बसा," नाथा म्हणाला. "होईपर्यंत बसा. घाई करायची नाही."

दुपारी मिस्टर पडद्यावर आले, दाढी लावलेले, तलवार उपसून. पहिल्याच वाक्याला अडखळले आणि आतून कोणीतरी शब्द पुरवला. कलावतीबाई डोळ्यांना पदर लावून खदखदा हसल्या. "रोज पाठ करायचे हो! आरशासमोर उभं राहून!"

सगुणाने त्यांना जेवायलाच थांबवलं. "मासे चालतात ना?" विचारलं, तर त्या म्हणाल्या, "चालतात म्हणजे? आम्ही मालवणचे." पुढच्या रविवारी त्या पुन्हा आल्या, शेजारच्या तीन बायका आणि सात कॅसेटी घेऊन. ओट्यावर जागा पुरेना. नाथा जाईबाईकडून बाक मागून आणायला गेला.