चौघींचा बचाव

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचं नाव कुणी वर्तमानपत्रात छापत नाही. लिफ्ट चालली तर ती आपोआप चालते, आणि अडकली तर लोक त्याचं नाव घेतात ते छापण्यासारख्या शब्दांत घेत नाहीत. म्हणून त्या सकाळी चौथ्या पानावर स्वतःचा फोटो दिसला तेव्हा सर जिन्याच्या पायरीवरच बसले. सर म्हणजे हेच लिफ्टवाले. 'सर' ही पदवी त्यांना संध्याकाळी मिळायची, इस्पितळाच्या धुलाईघरातल्या बायकांचा फुटबॉल संघ शिकवताना.

मथळा होता, 'भिंत बांधणारा माणूस'. चौदा सामने, आणि खाल्लेले गोल फक्त तीन. इतका कडेकोट बचाव या गटात कित्येक वर्षांत कुणी पाहिला नव्हता, आणि त्याचं सगळं श्रेय बातमीदाराने सरांच्या ओंजळीत टाकलं होतं. ओंजळ सरांनीच पुढे केली होती, खोटं कशाला बोला. "माझी एक पद्धत आहे," असं ते त्याला म्हणाले होते. कोणती, ते त्याने विचारलं नाही हे बरंच झालं.

तिसऱ्या दिवशी फुटबॉल संघटनेच्या चिटणिसांचा फोन आला. रविवारी शहरातल्या प्रशिक्षकांचं शिबिर होतं. सरांनी 'मजबूत बचाव कसा उभारावा' यावर चाळीस मिनिटं बोलावं, अशी त्यांची इच्छा होती.

"चाळीस मिनिटं!" फोन ठेवून सर म्हणाले.

"बोला की," बायको म्हणाली. "गेल्या वर्षी दहा आठवडे तोंड मिटून होतात. तेवढं साठलं असेलच."

तिचंही खरं होतं. मोसमाच्या सुरुवातीला सरांच्या गळ्यात गाठ निघाली होती. ती साधीच होती, डॉक्टरांनी काढूनही टाकली, पण दहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही अशी तंबी दिली. कुजबुजायचंसुद्धा नाही. सरांनी एक पाटी विकत घेतली आणि गळ्याला मफलर गुंडाळून ते रेषेबाहेर उभे राहू लागले.

वही उघडून त्यांनी 'एक' असा आकडा घातला आणि पुढे काय लिहावं म्हणून तो मोसम आठवायला लागले. आठवलं ते सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं होतं. ओलसर हिरवं मैदान, कडेच्या झाडांवर उतरलेलं धुकं, आणि त्यात पांढऱ्या सदऱ्यांतल्या चौघी. समोरच्या संघाच्या पोरी चेंडू घेऊन धावत यायच्या, आणि या चौघी एकाच श्वासात पुढे सरकायच्या. कधी एकदम डावीकडे कलायच्या, वाऱ्याने पडदा कलावा तशा. धावत आलेली पोर चेंडूवर पाय ठेवून थांबायची, इकडेतिकडे बघायची आणि जिथून आली तिकडेच परत पास द्यायची. सरांना वाटायचं, आपण हात वर केला म्हणून त्या सरकल्या. मग त्यांना आठवलं की ते हात वर करायचे ते त्या सरकल्यानंतर.

रात्री जेवताना त्यांनी वही मिटली. 'एक' तसाच एकटा राहिला.

गुरुवारी अर्ध्या दिवसाची सुटी टाकून सर इस्पितळात गेले. तिथल्या लिफ्ट त्यांच्याच देखरेखीखाली होत्या, त्यामुळे तळघरातल्या धुलाईघराच्या दारापर्यंत ते कैकदा गेले होते. आत मात्र कधी पाऊल टाकलं नव्हतं. आज टाकलं, आणि वाफेने चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या.

काचा पुसून पाहिलं तरी फार फरक पडला नाही, कारण समोर होतं ते पांढरंच होतं. चादरींचे ढीग, चादरींच्या गाड्या, छताखालून लोंबणारी वाफ. मोठमोठी धुलाईयंत्रं घरघरत होती, आणि त्या घरघरीत माणसाचा आवाज मुंगीएवढाही उरत नव्हता. मधोमध इस्त्रीचा एक लांबलचक गरम रूळ फिरत होता. त्याच्या तोंडातून चादरी एकामागून एक बाहेर येत होत्या, कडक आणि ऊनऊन. आणि रुळापुढे त्या चौघी उभ्या होत्या.

मावशी मधोमध. वय त्रेचाळीस, संघात सगळ्यांत थोरली, म्हणून सरांसकट सगळ्यांचीच मावशी. तिच्यासमोर तिची जाऊ, जिच्याशी तिचं घरात एक मिनिट पटत नसे. पलीकडच्या जोडीत लंबू आणि धाकटी. लंबू उंच होती म्हणून लंबू. धाकटी चोवीस वर्षांची होती, पण आधी आलेल्या तिघींपुढे ती कायमची धाकटीच.

दोघी चादरीची चार टोकं धरायच्या, एक झटका द्यायच्या, चादर पोटभर हवा घेऊन फुगायची. मग एकमेकींकडे दोन पावलं, टोकाला टोक, दोन पावलं मागे. पलीकडची जोडीही त्याच ठेक्यात. एवढ्यात कुणीतरी ओल्या कपड्यांची गाडी ढकलत मधून आणली. कुणी मान वळवली नाही. चौघीही एक पाऊल डावीकडे सरकल्या, गाडी गेली, चौघी परत जागेवर आल्या. चादर एका इंचानेही सैल पडली नव्हती.

सर बॅग छातीशी धरून बघतच राहिले. हे आपण पाहिलंय, असं त्यांना वाटत होतं. हेच, धुक्यात.

चहाच्या सुटीत रूळ थांबला तसे सगळ्यांचे कान एकदम मोकळे झाले. चौघी बाकावर बसल्या, सर उलट्या ठेवलेल्या टोपलीवर.

"मावशी, एक विचारू? खरंखरं सांगायचं," सर म्हणाले. "मैदानावर तुम्ही चौघी एकदम सरकता ते मी शिकवलं का तुम्हाला?"

"शिकवलंत की," मावशी म्हणाली. "पहिली तीन वर्षं शिकवलंत."

"आणि?"

"आणि गोल खाल्ले."

जावेने हसू लपवायला कप तोंडाला लावला.

"रागावू नका हं सर," मावशी म्हणाली. "तुम्ही 'डावीकडे' म्हणून ओरडायचात, की आम्ही चौघी आधी तुमच्याकडे बघायचो आणि मग डावीकडे. तोवर चेंडू जाळ्यात. मग तुमचा आवाज गेला. पहिल्या सामन्यात फार चुकल्यासारखं झालं, आई नसलेल्या घरासारखं. पण दुसऱ्या की तिसऱ्या सामन्यात मला वाटलं, अरे, हे तर आपल्या धुलाईघरासारखंच आहे. इथे यंत्रांपुढे काही ऐकू येत नाही, बोलणार कुणाशी? समोरचीने चादर किती ओढली ते हाताला कळतं, बस. तिथेही तसंच कळायला लागलं. मध्ये चादर नव्हती एवढंच."

"म्हणजे मी गप्प बसलो, हीच काय ती माझी पद्धत," सर म्हणाले.

"तेसुद्धा तुम्ही कुठे बसलात? डॉक्टरांनी बसवलं," जाऊ म्हणाली.

सरांनी शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "पण दोन सामने हरलो तेव्हा धाकटीला डावीकडून हलवून पुढे खेळवावं असं माझ्या मनात होतं. मी हलवलं नाही. ते तरी?"

धाकटीने लंबूकडे पाहिलं. "सर, तुम्ही पाटीवर लिहिलं होतंत. आम्हाला ते लागलंच नाही. तुमचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आम्हाला वाटलं, 'उत्तम' लिहिलंय."

यावर चौघी इतक्या हसल्या की पलीकडच्या बाकावरच्या बायकाही कारण न कळता हसल्या. सरही हसले. दहा आठवडे ते त्या रेषेबाहेर भिजत उभे होते. घरी येऊन पाटी पुसताना त्यांना वाटायचं, आज आपण काहीतरी घडवलं.

हसणं ओसरल्यावर मावशीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"एक सांगू सर? चार वर्षांपूर्वी आम्ही चौघी तीन पाळ्यांत विखुरलेल्या होतो. सरावाला कधी दोघी यायच्या, कधी तिघी. तुम्ही इथल्या मुकादमबाईंकडे गेलात."

"मी?"

"अकरा वेळा गेलात. बाईंनी मोजलंय. निवृत्त होताना सांगत होत्या. शेवटी कंटाळून म्हणाल्या, घेते बाई चौघींना एका पाळीत, पण या माणसाला माझ्या दारातून हटवा. तेव्हापासून आम्ही एका रुळावर आहोत."

सरांनी आठवून पाहिलं. धूसर आठवलं ते एवढंच, की त्या महिन्यात तळघरातली मालाची लिफ्ट सारखी बिघडायची आणि बाईंची खोली वाटेवरच होती. "त्यात काय," ते म्हणाले. "ते तर मी जाता-येता डोकावायचो."

"जाता-येताच," मावशी म्हणाली. "पण दुसरं कुणी डोकावलं नव्हतं."

रूळ पुन्हा सुरू झाला. पुढे ती आणखी काही म्हणाली असेल, पण ते घरघरीत बुडालं. ओठ तेवढे हलले.

रविवारी सर भाषणाला उभे राहिले. समोर चाळीसेक प्रशिक्षक, मांडीवर वह्या, एकाच्या गळ्यात तर बसल्या जागीही शिट्टी. सरांनी फळ्यावर चार गोल काढले, त्यांच्यामधून रेघ ओढली, आणि खडू हातात धरून थांबले. मग त्यांनी जे घडलं ते सांगितलं. गळ्यातली गाठ सांगितली, पाटी सांगितली, 'उत्तम'ही सांगितलं. धुलाईघर सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली आला आणि सभागृहात जरा वेळ वाफ भरल्यासारखं झालं; मागच्या रांगेतल्या एका तरुण प्रशिक्षिकेने लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. मुकादमबाई भाषणात शेवटी आल्या. दहा मिनिटांत सगळं संपलं.

"हे सगळं ठीक आहे हो," शिट्टीवाले उठून म्हणाले. "पण आम्ही नेमकं करायचं काय?"

"तुमच्या खेळाडू कुठे कामाला आहेत आणि कधी सुटतात, ते आधी विचारा," सर म्हणाले.

थोडे लोक हसले. चिटणिसांनी घड्याळ पाहिलं आणि उरलेली तीस मिनिटं स्नायू ताणण्याच्या व्यायामांना देऊन टाकली. भिंत बांधणाऱ्या माणसाकडून भिंतीचा नकाशा मिळेल म्हणून आलेले लोक जरा हिरमुसले होते, ते सरांना दिसत होतं. बायको मागच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होती. घरी जाताना ती म्हणाली, "लग्न झाल्यापासूनचं तुमचं सगळ्यांत बरं भाषण. आटोपशीर."

सरांना त्या रात्री फार शांत झोप लागली. गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं, पण धुलाईघरात नवं यंत्र आलं. ते चादरी आपल्याच हातांनी घडी करायचं, त्याला माणूस फक्त एका टोकाला लागायचा. रुळावरच्या बायका चार दिशांना, वेगवेगळ्या पाळ्यांत पांगल्या. मावशी यंत्रापाशी राहिली, लंबू शिवणकामाच्या खोलीत गेली, जाऊ कपडे निवडायला, धाकटीला आठवडाआड संध्याकाळची पाळी मिळाली. नव्या मोसमात पहिल्या सहा सामन्यांत नऊ गोल बसले. त्याच वर्तमानपत्राच्या त्याच चौथ्या पानावर आलं, 'भिंतीला तडा, प्रशिक्षकाची जादू ओसरली'. सरांनी ते शांतपणे वाचलं. श्रेय ज्या पत्त्यावर येतं त्याच पत्त्यावर दोषही येणार, टपालवाला काही दुसरा नसतो.

मग त्यांनी नव्या मुकादमबाईंचं दार ठोठावलं. या बाई तरुण होत्या आणि पाळ्या संगणक ठरवतो म्हणून सांगत होत्या. सर दर मंगळवारी जायचे. आता लिफ्ट बिघडलेली नसायची, बाईंना भेटण्यासाठीच जायचे. सातव्या मंगळवारी बाईंनी स्वतःच खुर्ची पुढे सरकवली, आणि महिनाअखेरीस तिघी एका पाळीत आल्या. धाकटीचं मात्र जमलं नाही. ती एक आठवडा सरावाला यायची, एक आठवडा नाही.

ती नसलेल्या एका संध्याकाळी धुकं मैदानावर इतकं उतरलं होतं की पलीकडचा गोलखांब नुसता अंदाजाने होता. डावीकडची जागा रिकामी होती.

"सर, तुम्हीच उभे राहा," मावशी म्हणाली.

"मी? गुडघे बघा माझे."

"गुडघे कोण बघतंय या धुक्यात?"

बावन्न वर्षांचे सर पँटचे पाय दुमडून रेषेत उभे राहिले. इतक्या वर्षांत ते या रेषेच्या आत पहिल्यांदाच आले होते. बाहेरून मैदान केवढं स्वच्छ दिसतं. आत सगळं जवळ होतं, शेजारच्या लंबूचा श्वास, ओल्या गवताचा वास, कुठूनतरी येणारे पावलांचे धपधप आवाज. आघाडीच्या पोरी धुक्यातून अचानक निघाल्या. चेंडू सरांच्या दोन पायांमधून गेला.

"उशीर," मावशी म्हणाली. बस, एवढंच.

दुसऱ्यांदा ते फार लवकर सरकले. तिसऱ्यांदा लंबूवर आदळले, तिने त्यांना दंडाला धरून जागेवर उभं केलं. चौथ्यांदा त्यांनी चेंडूकडे बघणं सोडून दिलं, कारण तो दिसतच नव्हता. आणि कुठेतरी उजव्या अंगाला, खांद्यापासून थोडं दूर, हलकीशी ओढ लागली. त्यांचे पाय पुढे गेले. त्यांनी नेले नव्हते. मोठं, मऊ काहीतरी आपल्याला धरून एक पाऊल पुढे सरकलं असं त्यांना वाटलं.

समोरची पोर चेंडूवर पाय ठेवून थांबली. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मागे पास दिला.

"आत्ता कोण आधी हललं?" सरांनी धापा टाकत विचारलं. "मावशी तुम्ही, की लंबू?"

धुक्यात पुन्हा पावलं वाजायला लागली होती.