पाण्याखालचा उंबरा

नाइयाची मुलगी दीड महिन्याची झाली तरी तिला नाव नव्हतं. आमच्याकडे नुकत्याच गेलेल्या माणसाचं नाव बाळाला देतात. नावाबरोबर तो माणूसही घरी परततो. बाळ सारखं रडायचं. शेजारणी म्हणायच्या, आपलं नाव मागतंय. नाव नाइयाच्या मनात ठरलेलं होतं: किसुक, तिच्या वडिलांचं. पण तिची आई, माझी तुकुम्मेक मावशी, ते देऊ देत नव्हती. जिवंत माणसाचं नाव काढून घ्यायचं नसतं.

किसुककाका वसंतात गोठलेल्या समुद्रावर गळ टाकायला गेले असताना बर्फ फुटला आणि ते उभे होते तो तुकडा वाऱ्याबरोबर दिसेनासा झाला. हेलिकॉप्टरही फिरलं, काही सापडलं नाही. मावशीचं म्हणणं, तुकडा उपसागराच्या तोंडातून बाहेर पडला आणि समुद्रापलीकडच्या किनाऱ्याला लागला. पूर्वी असे वाचलेले लोक आहेत. ती रोज टेकडीवर बसून पश्चिमेकडे बघायची.

मी समुद्राचं शिकून आलेली. त्या वसंतात उपसागराच्या तोंडापाशी बर्फाखाली माझं प्रवाह मोजायचं यंत्र टांगलेलं होतं, हे तिला माहीत होतं. तिने कधी विचारलं नव्हतं. एका दुपारी टेकडीवर विचारलं.

"त्या दिवशी पाणी कुठे चाललं होतं गं?"

मी सांगितलं. तोंडाशी समुद्राचा तळ उंबऱ्यासारखा वर आलाय. त्यावर मोठे हिमनग रुतून बसले होते. एरवी वरचं पाणी बाहेर जातं, पण त्या आठवड्यात ते अडून मागे वळत होतं. यंत्र एकाच जागी होतं, त्यामुळे पक्की खात्री देता येत नाही, हेही सांगितलं.

"शाळेतल्यासारखं बोलू नकोस. बाहेर गेले का ते?"

"नाही, मावशी. तुकडा आत वळला असणार, हिमनदीच्या कड्याकडे. तिथे कुठलाच बर्फ अखंड राहत नाही."

"आणि वर येतील?"

"इतक्या गार पाण्यात बुडालेलं कुणी वर येत नाही."

ती पश्चिमेकडे पाठ करून हिमनदीकडे वळून बसली.

"म्हणजे इतके दिवस मी उलट्या बाजूला बघत बसले," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तरी बाहेर जायची घाई त्यांना कधीच नव्हती. स्वतःच्या लग्नाला उशिरा आले होते."

घरी आल्यावर तिने रीतीप्रमाणे बोट पाण्यात बुडवून बाळाच्या ओठांना लावलं आणि नाव उच्चारलं. नाइयाने मुलीला उचललं आणि "बाबा" म्हणाली. बाळ रडतच होतं. मी घ्यायला पुढे झाले, तर मावशीने हात आडवा घातला.

"रडू दे त्यांना. फार गार पाण्यातून आलेत."