नवमीला उचललेला कोयता

मी एक जुना कोयता आहे. मित्रांनो, जवळ बसा, पण धारेच्या बाजूला नको. मी शांत स्वभावाचा नाही आणि तसे सोंगही मला जमत नाही.

लोणंदच्या बाजारात एका घिसाड्याने मोडक्या ट्रकच्या कमानपाट्यातून मला घडवले. भट्टीत लाल केले, ऐरणीवर आडवे घातले आणि त्याच्या बायकोने घणाने बडवून काढले. वाळवा तालुक्यातल्या बायडाबाईंनी मला विकत घेतले. त्यांच्या हातात मी उसाचे फड आडवे केले. ‘काय धार हाय!’ असे शेजारणी म्हणायच्या, तेव्हा मी फुगून जायचो. पुढे ऊस तोडायचे यंत्र आले आणि मी गोठ्याच्या आढ्याला गंज खात लटकलो. कुणी वर बघेना.

बायडाबाईंची मुलगी राजनंदिनी नौदलात होती. शिडाच्या लहानशा होडीतून, एकटीने, कुठेही न थांबता ती पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली, तेव्हा आईने मला खाली काढले.

“आई, समुद्रात कुठं आलाय ऊस?” ती हसली.

“ऊस नसंना का. एकली चाललीयास, हत्यार जवळ पायजे. आन खंडेनवमीला पुजायचा ह्येला. पुजल्यावर दसरा उजाडंस्तवर हात लावायचा न्हाई, ध्यानात ठेव.”

आमच्याकडे ही रीतच आहे. नवमीला हत्याराला विश्रांती असते.

न्यूझीलंड मागे पडले आणि नवमी आली. राजनंदिनीने मला तेल लावून चकचकीत केले, हळदकुंकू वाहिले, नमस्कार केला. धार मात्र लावली नाही. दुपारी वारा फिरला. लाटा होडीला थोबडवू लागल्या. एका लाटेने होडी पालथी केली. ती पुन्हा सरळ झाली तेव्हा डोलकाठी बुडातून मोडून पाण्यात पडली होती. पण दोरांनी ती होडीलाच जखडलेली राहिली आणि प्रत्येक लाटेसरशी तिचे मोडके टोक होडीच्या कुशीवर आदळू लागले. धाड! धाड! एक भोक पडले असते तरी सगळे संपले असते.

राजनंदिनी चाकू घेऊन धावली. दोर जाड आणि चिवट होते. चाकूचे पातेच मोडले. ती धडपडत आत आली. कपाळ फुटले होते, रक्त डोळ्यांत ओघळत होते. माझ्यापुढे येऊन ती थबकली.

“नवमी हाय,” ती पुटपुटली.

मला असा संताप आला! हात असते तर मी तिच्या मुस्काटात दिली असती. तेवढ्यात पुन्हा धाड झाले, होडीला चीर गेली आणि पाणी आत आले.

“आई, माफ कर!” ती किंचाळली आणि तिने मला मुठीत धरले.

मग आम्ही तोडत सुटलो. ती रडत होती, शिव्या देत होती. “तूट मुडद्या! तूट!” घावावर घाव पडत होते. शेवटचा दोर तिने डाव्या हाताने ताणून धरला. माझी बोथट धार घसरली आणि तिची करंगळी तुटून समुद्रात गेली. तिने त्याच रक्ताळलेल्या हाताने दोर धरला आणि मला पुन्हा हाणले. दोर तुटला. डोलकाठी तळाला गेली. राजनंदिनी वाचली.

वादळ निवल्यावर तिने उपग्रह फोनवरून आईला सगळे सांगितले. “नवमीला कोयता उचलला, म्हणून करंगळी गेली गं माझी.”

पलीकडून आई हुंदके देतच ओरडली.

“येडी का खुळी तू? थांबलीस तरी कशापायी? त्यो तोडायला दिलता तुला, निस्ता हात जोडायला न्हवं! आन पुजायच्या आदी धार लावलीतीस का?”

“न्हाई.”

“मग रीत तितंच मोडलीस की गं. आदी धार, मग हळदकुंकू.”

मित्रांनो, तुमच्याही घरात विळी असेल, खुरपे असेल, माझ्यासारखा एखादा म्हातारा असेल. त्याला नुसता चकचकीत करून देवापुढे मांडू नका. त्याची धार सांभाळा. ती गेली की आम्हाला आपले माणूस कळत नाही.

होडीची चीर बुजवून आणि शिडाच्या आडव्या काठीचीच छोटी डोलकाठी करून आम्ही पुढे निघालो आहोत. केप हॉर्नचे वादळी टोक अजून यायचे आहे. राजनंदिनी चार बोटांच्या हाताने मला दाबून धरते आणि माझ्यावर कानस ओढते. तिला दुखते, मलाही सोसत नाही, पण ती थांबत नाही.