विहिरीचं अंतर

आमचे शेजारी दत्तात्रेय मास्तर शास्त्र शिकवून रिटायर झाले, पण त्यांचा तास काही संपला नव्हता. रत्नागिरीबाहेरच्या त्या टेकाडावर घरं दोनच, त्यांचं नि आमचं. त्यामुळे विद्यार्थी म्हणून त्यांची बायको कमला आणि मी, एवढ्याच उरलो होतो. कमला मला म्हणायची, कढीत चिमूटभर मीठ घाल गो, की मास्तर ओटीवरून विचारायचे, "चिमूट कोणाची?" मी म्हटलं, एस्टीचा थांबा हाकेवर आहे, की "हाक कोणाची?" प्रत्येक गोष्टीला तिचं योग्य एकक असतं, हे त्यांचं पालुपद. चौऱ्याऐंशी साल उजाडलं तरी मी तांदूळ पायलीने मोजते, याची त्यांना लाज वाटायची. मला नाही वाटायची.

पण एवढ्या मोजमापात मास्तरांच्या मुलाचं लग्न काही जमत नव्हतं. श्याम बँकेत होता, स्वभावाने गरीब होता आणि पस्तिशीला आला होता. मुलीकडचे येत, पोहे खात, परसदारी जाऊन खालची विहीर बघत आणि 'कळवतो' म्हणून जात. पंप बसवा, पंप बसवा, म्हणून कमलेचा घसा सुकला. मास्तर म्हणत, "नव्वद मीटरसाठी पंप? लोक हसतील." अंतर त्यांनी स्वतः मोजलं होतं, स्वयंपाकघरापासून विहिरीच्या काठापर्यंत शाळेची टेप ताणून. तेव्हा त्यांच्या डोक्यावर हंडा नव्हता, ही गोष्ट वेगळी.

देवरुखहून सुमेधाचं स्थळ आलं तेव्हा पोहे करायला मीच गेले होते. मुलगी शिक्षिका, आई चौकस. आईने कप खाली ठेवायच्या आत विचारलं, "पाण्याचं कसं हो तुमच्याकडे?"

"विहीर आहे. नव्वद मीटर," मास्तर म्हणाले.

"मग जवळच की!" आईचा जीव भांड्यात पडला. श्यामचाही. कमला मात्र खाली बघत पदराचं टोक पिळत होती.

तेवढ्यात सुमेधा म्हणाली, "मीटर कळले. पण भरलेला हंडा घेऊन वर येताना मध्ये किती वेळा टेकावं लागतं?"

सगळे कमलेकडे बघायला लागले.

"लग्न होऊन आले तेव्हा टेकत नसे," कमला म्हणाली. "मग एकदा टेकायला लागले. आता तीनदा टेकते."

"अंतर वाढत नसतं," मास्तर सवयीने बोलून गेले.

मला असा संताप आला की त्यांच्या पुढ्यातली पोह्यांची बशी मी सरळ उचलून आत नेली. जाताना सुमेधाने श्यामला सांगितलं, "तुम्ही पसंत आहात. हा चढ नाही. पंप बसला की कळवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी हंडा उचलला आणि कोणाला काही न सांगता पाखाडीच्या पायऱ्या उतरून गेले. आम्ही दोघी परसदारी उभ्या राहिलो. वर येताना पहिल्याच वळणावर टेकले. मग फणसाखाली टेकले. मग बराच वेळ दिसलेच नाहीत. शेवटी आले ते धोतर भिजलेलं, हंडा अर्धा, आणि दाराशी पायरीवरच बसले. कमलेने पंचा आणून दिला. तिचे डोळे भरून आले होते.

"श्याम," धाप लागलेल्या आवाजात मास्तर म्हणाले, "मिरजोळ्याला पंप कोणाकडे मिळतो बघ. आजच जा."

मी कशाला सोडते? विचारलंच, "काय मास्तर, किती वेळा टेकलात?"

त्यांनी पंच्यात तोंड पुसलं आणि बराच वेळ ते तसंच झाकून ठेवलं.

"मोजलं नाही," म्हणाले.