जन्मस्थळ: लिफ्ट

"जन्मस्थळ, प्रसूतिकक्ष," हॉस्पिटलचा क्लार्क टाइप करत पुटपुटला.

"लिफ्ट लिहा," ताई म्हणाली. तिची मुलगी यांच्याच बंद पडलेल्या लिफ्टमध्ये, दोन मजल्यांच्या मध्ये जन्मली होती. उजेड फक्त माझ्या मोबाइलचा होता.

"बाळ सुखरूप आहे ना? मग कशाला राईचा पर्वत करता? मामा, तुम्ही तरी समजवा."

"मी तिथेच होतो," मी म्हणालो. "काय समजावू?"

"अहो, कॉम्प्युटरमध्ये लिफ्ट हा पर्यायच नाही!"

टाके सांभाळत ताई उठली आणि तिने स्क्रीन आपल्याकडे वळवला. "हे काय, 'इतर' आहे की! तिथे लिहा. नाहीतर उद्या तक्रार केली की तुम्ही हाच कागद माझ्या तोंडावर फेकाल. खोट्यावर मी सही करणार नाही."

क्लार्कने दात खात 'इतर'वर बोट दाबलं.